बीबीजान खल्फाच्या गाण्यावर माझं स्पष्ट मत

४ ऑगस्ट, रविवार
नवी वही. फरशीच्या दुकानवाल्याने फुकट दिली. डाव्या पानावर फरश्यांची चित्रं, उजव्या पानावर मी, मातनझर. कोणी वाचायची नाही.
ठरलं ते असं. फोनवरच्या माझ्या चॅनलवर रोज एक आवडतं गाणं टाकायचं. नवं गाणं आलं की चोवीस तासांत माझ्या आवाजात मत द्यायचं. मत खरं असेल, मग समोर कोणीही असो.
आज ऐकणारे एकतीस. इथे परदेशी, समुद्राकाठच्या अक्तावमध्ये गिलावा करणाऱ्या आमच्या खोरेज्मच्या पोरांत एवढे कोणाकडे नाहीत. जुमानियोझ अका म्हणतो, दुसऱ्या कोणाचं चॅनलच नाही. अका, म्हणजे दादा, आमचा मुख्य मिस्त्री. खोलीत माझ्या शेजारची खाट त्याची. माणूस चांगला, पण गाण्यातलं काही कळत नाही. जन्मभर तीच तीन गाणी ऐकतोय.
महत्त्वाचं : २२ तारखेला आई रुमालात दोन नान बांधून अनोरगुलच्या घरी मागणी घालायला जाणार. त्यांनी नान मोडला की सोयरीक ठरली. मार्चमध्ये मावसभावाच्या लग्नात मी स्पीकरवाल्याला झापलं होतं, तुझ्या बासखाली दोन तारांचा दुतार गुदमरतोय म्हणून. ती चहाच्या टेबलाशी उभी होती. हसली. तेव्हाच माझ्या बाजूने ठरलेलं आहे.
चॅनलवर एक जण बिनफोटोचा, नाव नुसतं ‘अ’. प्रत्येक मत सगळ्यांत आधी ऐकतो. ती तीच. मी विचारलेलं नाही. विचारलं की मजा गेली.

७ ऑगस्ट
आजचं आवडतं : आमू नदीवरच्या एका नावाड्याचं जुनं गाणं. एक दुतार, एक माणूस. मध्येच तो खोकतो आणि तो खोकला कोणी काढलेला नाही. दहापैकी दहा.
नवीन : उर्गेंचच्या लाल जॅकेटवाल्याचं. तीन मिनिटांत अठरा वेळा ‘जानिम’, माझ्या जिवा, म्हणतो. मी मोजलं. मोजता मोजता विजेच्या दोन खोक्यांवरून गिलावा गेला. अकाने छिन्नीने खोदून काढले आणि म्हणाला, जानिम, आता हे एकोणीस आणि वीस.
दोष लाल जॅकेटवाल्याचा.

१० ऑगस्ट, रात्र
मोठी बातमी. बीबीजान खल्फाने पहिल्यांदाच गाणं रेकॉर्ड केलं. आमच्या भागात बाजा मांडीवर घेऊन गाणारी खल्फा आल्याशिवाय लग्नघरात बायका जमत नाहीत, आणि आमच्या खोन्काच्या आसपास चाळीस वर्षं ती खल्फा म्हणजे बीबीजान. आता साठीची झाली. भाच्याने तिच्या बाजाखाली मशीनचा ठोका घातलाय.
दुपारच्या सुट्टीत मत टाकलं. चौदा मिनिटं. थोडक्यात : बाजा ऐकून वाटतं मिनीबस उतारावर ब्रेक लावतेय. आवाज अंगणातला, कानात घालायचा नाही. खल्फाबाईंनी बाजा भाच्याला द्यावा आणि नातवंडांत रमावं. दहापैकी दोन.
अकाने चार मिनिटं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. म्हणाला, अरे पोरा, त्या बाईने माझ्या लग्नात गायलंय. माझी आजी ऐंशीची होती, ती उठून नाचली होती. मी समजावलं की अका, ही झाली आठवण, मत वेगळं असतं. तो म्हणाला, तुझं ते वेगळं मत जरा हळू लाव, मला झोपू दे.

१२ ऑगस्ट
आईचा फोन. बोलता बोलता म्हणाली, अनोरगुलच्या बापाला बोलायची सवयच नाही, त्या घरात सगळं आत्याच्या हातात. आत्या राजी तर घर राजी. मी विचारलं, आत्या कोण. आई म्हणाली, कोण म्हणजे काय, आपली बीबीजान खल्फा.
मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. आईला वाटलं फोन कटला.
मत मागे घेणार नाही. माझे कान विकायला काढलेले नाहीत.

१३ ऑगस्ट
अका म्हणतो, काढून टाक. मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. त्याने विचारलं, ऐकलं किती जणांनी. बघितलं. नऊ. तो म्हणाला, मग तत्त्व नऊच माणसांना ठाऊक आहे, अजून वेळ गेलेली नाही. मी म्हटलं, वेळ आली तर खल्फाच्या तोंडावर सांगेन. तो म्हणाला, तिच्या तोंडावर? तिने आमच्या जिल्हाप्रमुखाला भर मांडवात दोन ओळींत झोपवलंय, तुझं काय घेऊन बसलास.
घाबरत नाही. आठवीपर्यंतच शिकलो, पण घाबरायला कुठल्याच इयत्तेत शिकलो नाही. (हे चांगलं जमलंय. चॅनलवर वापरणे.)

१६ ऑगस्ट
फोनची मेमरी भरली. काहीतरी काढावंच लागणार होतं. चौदा मिनिटांचं सगळ्यांत जड, म्हणून चॅनलवरून तेच काढलं. निर्णय पूर्णपणे तांत्रिक.
एक प्रत फोनमध्ये ठेवली.

२२ ऑगस्ट, गुरुवार, दुपार
आई जाऊन आली. आवाजावरूनच कळलं. त्यांनी तुखुम बराक, म्हणजे अंडं भरून उकडलेल्या पिठाच्या पिशव्या, केले होते, अंड्याचं सारण अजिबात फुटलेलं नव्हतं. खल्फा आईला चिकटून बसली. स्वतः चहा ओतला. मुलगा नीट जेवतो का, तिकडच्या वाऱ्याने घसा धरतो का, विचारलं. काय करतो विचारलं, तर आई म्हणाली, भिंती करतो आणि गाण्याचं फार वेड आहे. खल्फा म्हणाली, गाण्याचं वेड असलेला बरा, तो बायकोवर हात उचलत नाही. मग म्हणाली, ५ तारखेला या, चार वडीलधाऱ्यांसमोर नान मोडू.
अकाला सांगितलं. त्याने मला मिठी मारली, अंगावरच्या सगळ्या चुन्यासकट. म्हणाला, आता पाचपर्यंत मुका राहा. चौदा दिवस. बैलसुद्धा राहतो.
पण माझ्या लक्षात वेगळीच गोष्ट आली. खल्फाने माझं मत ऐकलेलं आहे. नऊ जणांनी ऐकलं म्हणजे नव्वद जणांपर्यंत गेलं, आमचा भाग तसाच आहे. ऐकूनसुद्धा तिने चहा ओतला. केवढं मन.

२५ ऑगस्ट, रविवार
चैन नाही. ती मोठी ठरली आणि मी नुसता गप्प बसलेला. मोठेपणाला मोठेपणाने उत्तर द्यायला पाहिजे.
अका म्हणाला, तिने काही ऐकलेलं नाही. आठवड्याला पाच लग्नं असतात त्या बाईची. चौदा मिनिटं तिने शेवटची कोणाला दिली असतील तर दाताच्या डॉक्टरला.
त्याला कलाकारांचं काही कळत नाही.

२८ ऑगस्ट
केलं. आशीर्वाद मागायचाय म्हणून आईकडून खल्फाचा नंबर घेतला. आईला रडू आलं, म्हणाली, शहाणा झालास रे बाळा.
माफी नाही. खुलासा. अकरा मिनिटं. मुद्दे : मी तुमचा आदर करतो. मत मात्र मत आहे. मिनीबसचा ब्रेक हा शब्द मी विचार करून वापरला होता. तरी तुम्ही दाखवलेल्या मोठ्या मनाचा एक गुण वाढवून दोनाचे तीन करतो. मूळ मत शोधायचा त्रास नको म्हणून तेही सोबत जोडलं.
अका खालून ओरडत होता, फोन दे, पोरा, फोन दे इकडे. मी तिसऱ्या मजल्याच्या परांचीवर होतो. त्याचा गुडघा वर येऊ देत नाही. दाबलं. गेलं.
अका बराच वेळ उलट्या बादलीवर बसून राहिला.

२९ ऑगस्ट
ऐकल्याची खूण आली. उत्तर नाही. विचार करत असणार.

१ सप्टेंबर
उत्तर नाही. लग्नसराई आहे.
आजचं आवडतं : टाकलं नाही. कंटाळा. उद्या दोन टाकायची.

५ सप्टेंबर, गुरुवार, सकाळी ११:४०
नान परत आले. अख्खे.
आईला दारातच उभं केलं. आत या म्हणाले नाहीत, चहा नाही. खल्फा बाहेर आली. हात छातीवर ठेवून, अगदी अदबीने म्हणाली, बहिणी, तुमचा नान फार मोठा, आमचं घर पडलं दहापैकी तीन. आमच्याने मोडवणार नाही.
आईने मला विचारलं, दहापैकी तीन म्हणजे काय रे.
मी म्हटलं, आवाज तुटतोय, आणि फोन ठेवला.

६ सप्टेंबर
मी हरलेलो नाही. खोटे दहा गुण देऊन बायको मिळवणारे पुष्कळ असतील. मी त्यांतला नाही. माझं लग्न मोडलं ते कलेपायी मोडलं, असं किती गिलावेवाल्यांना म्हणता येईल.
अकाला हे सांगितलं. तो म्हणाला, जेव.
नवे ठराव : एक, मत देत राहणार. दोन, तार हे वाद्य वाजवायला शिकणार. तीन, इथे कायमचं राहणार, खोन्काला पाय ठेवणार नाही. इथला चहा खारट लागतो, पण माणूस कशालाही सरावतो.

१० सप्टेंबर
आईला सगळं कळलं. चौदा मिनिटं आणि अकरा मिनिटं, दोन्ही शेजारच्या बाईने ऐकवली. म्हणजे आता भागभर पोचलं. इतके दिवस हेच तर हवं होतं.
आई रागावली नाही. तेच वाईट. म्हणाली, ते नान मी आणि तुझ्या बापाने चहात बुडवून खाल्ले, वाळायला लागले होते. मग म्हणाली, तुला सांगणार नव्हते, पण त्या पहिल्या दिवशी पोरीने मला दाराआड गाठून विचारलं होतं, तो अजून स्पीकरवाल्यांशी भांडतो का. हसत होती.
मी फोन ठेवला नाही. यावेळी आवाज तुटत नव्हता.

१४ सप्टेंबर
‘अ’ ने पहिल्यांदा लिहिलं. मीच विचारलं होतं, तू रागावली आहेस का. उत्तर आलं, भाऊ, मी बेइनेउचा अब्दिकरीम, हिवाळी टायर विकतो, तुमचा आवाज लावला की लवकर झोप लागते. चारचा सेट हवा असेल तर सांगा.
ऐकणारे एकतीसचे एकोणतीस. जे गेले ते कच्चे होते.

२१ सप्टेंबर
तार शिकणं पुढे ढकललं. तार मिळाली नाही. खरं म्हणजे बघितली नाही.
उत्तरेकडच्या अख्ख्या भिंतीला पोट सुटलं. अका ओळंबा लावून बघत बसला. शिव्या दिल्या नाहीत. आजकाल मला कोणी शिव्याच देत नाही.

६ ऑक्टोबर, रविवार
आज अनोरगुलचं लग्न झालं. नवरा खोन्काच्या औषधाच्या दुकानात आहे. संगीताशी संबंध नाही असं ऐकतो.
मला काही वाटलं नाही. दुपारी तीन शर्ट धुतले. मग परत धुतले.

७ ऑक्टोबर, सोमवार, रात्र
जेवायच्या सुट्टीत समोरच्या इमारतीतली सगळी पोरं माझ्याकडे बघून हसत होती. अकाचा फोन घेतला. त्याने देऊ नये तेवढ्या सहज दिला.
कालच्या लग्नातला व्हिडिओ. नवरीचा सलाम चाललाय. बुरख्याखाली अनोरगुल उभी, शेजारी खल्फा बाजा घेऊन. सासरच्या एकेकाचं नाव घेऊन त्याच्यावर दोन ओळी रचते, लोक हसतात, नवरी वाकते. सासऱ्याचा कंजूषपणा झाला, दिराचं घोरणं झालं. मग खल्फाने बाजा थांबवला आणि म्हणाली, पोरी, आता जरा समुद्राकडे तोंड कर, एक पाहुणा तिकडे राहिलाय.

दूर समुद्राकाठी बसला, कानात ज्याच्या चुना,
माझे सूर मोजत राही, भिंत सरळ येईना,
त्या मातनझर उस्तादाला सलाम.

अख्खं अंगण हसून कोसळलं. अनोरगुल वाकली. बुरख्यामुळे चेहरा दिसत नाही. खांदे हलत होते. हसण्याने हलत असतील. दुसऱ्या कशाने हलण्यासारखं मी काय केलंय.
संध्याकाळपर्यंत त्याखाली भाच्याने ठोका घातला. रात्रीपर्यंत खोन्का ते अक्ताव सगळ्यांच्या फोनवर.

८ ऑक्टोबर
ऐकणारे चारशे बारा. सगळे विचारतायत, उस्ताद, या नव्या गाण्यावर तुमचं मत काय.
नियम म्हणजे नियम. चोवीस तासांत मत द्यायचं. मी घाबरत नाही. सात वेळा रेकॉर्ड करायला बसलो. चाल पकडणारी आहे. ‘येईना’वर बाजा अर्धा श्वास थांबतो, ती जागा शिकवून येत नाही. मशीनचा ठोका नको होता, एवढं म्हणता येईल.
सातही वेळा पुसलं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार
उत्तरेकडची भिंत खरवडून पुन्हा सुरू केली. दुपारी अका परांचीखाली येऊन उभा राहिला आणि म्हणाला, पोरा, ‘येईना’ला तू घाई करतोस.
तेव्हा कळलं की मी तेच गुणगुणत होतो, केव्हापासून कोण जाणे.
म्हटलं, कशी घाई. अकाने बादली उलटी घातली, बसला, मांडीवर ठेका धरला आणि पहिल्या ओळीपासून सांगितलं. म्हणाला, तिथे हात थांबव, मग खाली ओढ.
तीनदा चुकलो. चौथ्यांदा बरोबर आलं.