पाय कुणाकडं करायचे

८ नोव्हेंबर, शनिवार

जलनेती जमली! मिठाचं कोमट पाणी एका नाकपुडीतून आत, दुसरीतून अलगद बाहेर. बिदरच्या योगशिक्षक वर्गातल्या तरण्या पोरी ठसकत होत्या आणि महांतेश सर त्यांना म्हणत होते, दीपमाला अक्कांकडं बघा. औरादच्या बसमध्ये बसल्यावर विचार आला – आनंद नाक मोकळं झाल्याचा, की पोरींच्या पुढं गेल्याचा? खरं लिहायचं तर दुसरा.

९ नोव्हेंबर, रविवार

शरीररचनेचा तास कानडीतून. सोपा गेला. बी.एस्सी.ला शिकलेले मणके आहेत तिथंच आहेत. योगसूत्रं पाठ म्हणताना मात्र दोनदा अडखळले.

शेवटची परीक्षा ६ डिसेंबरला. शिकवायला आपली माणसं न्यायची आणि परीक्षकांपुढं वर्ग घ्यायचा. पास झाले तर जानेवारीपासून समाजाचं सभागृह सकाळी मला मिळणार. प्रमाणपत्राशिवाय देणार नाहीत, हे समाजाच्या लोकांनी स्पष्ट सांगितलंय. लग्न झाल्यापासून शिवराजच्या बियाण्याच्या दुकानात बसते आहे. माझं स्वतःचं म्हणावं असं काम हे पहिलंच. मिळेल. मला येतं हे.

१२ नोव्हेंबर

गल्लीतल्या बायकांना घेऊन गच्चीवर सराव. हात वर, मान, खांदे – छान चाललं. मग पश्चिमोत्तानासन. पाय लांब करून बसायचं आणि पुढं वाकायचं. मी समोर बसून करून दाखवलं. एकीनंही पाय लांब केले नाहीत. पुन्हा सांगितलं. शकुबाई (साठीच्या, सगळ्याजणी त्यांचं बघून करतात) उठल्या आणि माझ्याकडं पाठ करून बसल्या. मागोमाग अख्खी रांग फिरली.

"शिकवायलाव की तुम्ही. तुमच्याकडं पाय करून कसं बसावं ओ?"

मी म्हटलं, तुम्ही माझ्याहून मोठ्या.

"वयानं. हितं तुम्हीच मोठ्या."

मग त्या तिकडं तोंड करून वाकल्या आणि मी इकडं. माझं कपाळ गुडघ्याला टेकलेलं कुणी बघितलंच नाही!

१५ नोव्हेंबर, शनिवार

सरांना सांगितलं. पोट धरून हसले. मग शांतपणे म्हणाले, "अक्का, तुमचं आसन फार चांगलं. म्हणून लोक तुम्हाला सिनेमासारखं बघत बसतात. बसू द्या की पाठ करून. तोंडानं शिकवा."

झोंबलं. अजूनही झोंबतंय.

१९ नोव्हेंबर

रांगेच्या मागं उभी राहून फक्त बोलले. आधी "वाका" म्हटलं, तर सगळ्यांनी पाठीची कमान केली. "बूड मागं ढकला, पोट मांडीकडं न्या" म्हटल्यावर जमलं. कुणाचा श्वास कुठं अडतो ते पाठीवर दिसतं – समोरून कधी दिसलं नसतं. शकुबाईंचा उजवा खांदा कानाशी जातो. गुडघ्यांखाली वाकळेची घडी सरकवली, तसा खाली आला. "आता बरं वाटायलंय," त्या म्हणाल्या, आणि शेजारणीला दटावून तिच्याही गुडघ्यांखाली घडी घालायला लावली.

२६ नोव्हेंबर

आज माझा आवाज मलाच बरा वाटला.

३० नोव्हेंबर, रविवार

सर म्हणाले, परीक्षक कलबुर्गीच्या बाई आहेत, फार कडक. वर्गाचं तोंड त्यांच्याकडं हवं. घरी आल्यावर शकुबाईंना विनवलं – त्या दिवसापुरते पाय आमच्याकडं करा.

"परीक्षा तुमची हाय. पाय आमचे हायत." एवढं बोलून त्या निवडत असलेल्या तुरीकडं वळल्या.

आणखी एकदा म्हटलं असतं तर माझ्यासाठी त्यांनी केलंही असतं. पण म्हटलं नाही. संकोचानं श्वास धरूनच वाकणार असतील, तर मी त्यांना शिकवलं काय? की मी अडून बसतेय? शिवराज म्हणतात, एवढा विचार परीक्षेनंतर कर. विचार झालाय. पाठ तर पाठ.

६ डिसेंबर

झाली!

जीपमधून सगळ्याजणी ठेवणीतली लुगडी नेसून आलेल्या. पाय लांब करायची वेळ आली आणि अख्खी रांग फिरली – माझ्याकडं पाठ, परीक्षक बाईंकडंही पाठ. बाईंचं पेन थांबलं. माझ्या तोंडातून शब्द बरोबर येत राहिले. मी रांगेमागून फिरत होते. एकीला म्हटलं, हनुवटी सैल सोडा. एकीच्या गुडघ्यांखाली घडी वाढवली. शकुबाईंचे हात पहिल्यांदाच घोट्यापर्यंत पोचले. खांदा खाली. सगळ्यांचा श्वास एका लयीत ऐकू येत होता. बाई जागेवरून उठून पाठींच्या जवळ येऊन उभ्या राहिल्या. शेवटपर्यंत तिथंच.

शवासनातून उठताना शकुबाई म्हणाल्या, "झालं बी? मला वाटलं आता सुरू व्हायलंय."

मला निकालाची धास्ती नाही. इतका चांगला वर्ग मी कधी घेतला नव्हता.

१६ डिसेंबर

निकाल. शिकवणं – उत्तम. आसन करून दाखवणं – नापास. पुन्हा परीक्षा मार्चमध्ये. सभागृहही तोवर नाही. चूक झाली असेल म्हणून सरांना फोन लावला. मी कधी करून दाखवते याची बाई शेवटपर्यंत वाट बघत होत्या म्हणे. मग आठवून बघितलं. खरंच, त्या दिवशी मी एकही आसन केलं नव्हतं – आणि ते आजपर्यंत माझ्या ध्यानातही आलं नव्हतं!