हॉपचा गाळ

२४ ऑगस्ट, रविवार

तिन्ही बुधल्यांत माल्ट तोच, यीस्ट तेच, पाणीही तेच. फरक फक्त हॉपचा, बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या त्या हिरव्या फुलांचा. वीस वर्षं घरी बिअर करतोय, पण आजवर सगळं अंदाजपंचे. या वेळी नीट वजन करून. पहिल्यात सेंटेनियल जातीचे दोन भाग, अमारिलोचा एक. दुसऱ्यात उलट. तिसऱ्यात दोन्ही सारखे आणि वर थोडा चिनूक.

सेंटेनियल कालच एफ्राइननं आणून दिला. शेजारच्या भाड्याच्या घरात राहतो, हॉप वाळवायच्या भट्टीवर मुकादम आहे. पिशवी अजून कोमट होती. "मिस्टर हॉलिस, ही तिसऱ्या मजल्यावरची, सगळ्यात चांगली. कुणाला सांगू नका." अमारिलो गेल्या वर्षीचा, फ्रीझरमधला. दोन्ही तळहातावर चोळून बराच वेळ हुंगत बसलो. एकात लिंबाचं फूल, दुसऱ्यात संत्र्याची साल. एकमेकांना मारतात की सावरतात, ते बाटली उघडेपर्यंत कळायचं नाही.

आंबायचं काम झालंय. आज तिन्हींत वासासाठी न उकळलेला, कोरा हॉप टाकला. शुक्रवारी बाटल्या भरायच्या.

२६ ऑगस्ट

दुसऱ्या बाजूच्या शेजारणीला, ओपलला, डायलिसिसला नेलं. साडेसातला निघालो, दीडला परत. मंगळवार, गुरुवार, शनिवार – आता पावणेदोन वर्षं झाली. गाडीत तिची जुनो मागच्या सीटवर. ओपल एक्याऐंशीची, कुत्री अकराची, दोघी सारख्याच धापा टाकतात. "हॉलिस, तुझ्या अंगाला आज पाईनच्या झाडासारखा वास येतोय." चिनूक, म्हटलं. "बाईमाणूस असतं घरात, तर बाहेर झोपवलं असतं तुला." बायको, बार्बरा, मला सोडून गेली ती याच वासाला कंटाळून, असं सगळ्या मॉक्सी गावात बोलतात. तसं नव्हतं. पण मी कधी खोडत नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

क्रमानं लिहितो.

सकाळी बाटल्या भरल्या. तिन्ही बुधल्यांच्या तळाशी हॉपचा हिरवा गाळ – एरवी एकाच बुधल्याचा असतो, झाकणाच्या कचरापेटीत मावतो. आज पेटी आधीच भरलेली. म्हणून मागच्या कुंपणाजवळच्या खताच्या ढिगावर टाकला. वर पालापाचोळा ओढायचा होता. तेवढ्यात बाटल्यांची झाकणं कमी पडली म्हणून गावात गेलो.

तीनच्या सुमाराला ओपलच्या हाका. जुनो तिच्या स्वयंपाकघरात फरशीवर पसरलेली. जीभ बाहेर, अंग चुलीसारखं तापलेलं, काळीज हाताखाली धडधडतंय. ओले टॉवेल गुंडाळले, उचलून गाडीत घातली. वाटेत दोनदा ओकली. ओपल मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

दवाखान्यात ओपल डॉक्टरबरोबर आत गेली. मी बाहेर बाकावर. पाऊण तासानं एकटीच बाहेर आली. हातात पट्टा.

"विष," म्हणाली.

येताना गाडीत पुन्हा म्हणाली, "त्या कोंबडीवाल्यानं घातलं."

जुलैत जुनोनं एफ्राइनच्या दोन कोंबड्या मारल्या होत्या. तेव्हा तो कुंपणावरून ओरडला होता, "पुन्हा इकडे आली तर सोडणार नाही तिला." ते मीही ऐकलं होतं.

तिला घरी सोडलं आणि मागे गेलो. ढीग उकरलेला. गाळ निम्मा गायब. कुंपणाच्या खालच्या फळीला जुनोचे तपकिरी केस.

हॉप कुत्र्याला चालत नाही. आमच्या बिअरवाल्या मंडळींत सगळ्यांना माहीत असतं. मला माहीत होतं.

उरलेला गाळ खड्डा करून पुरला. का पुरला, ते स्वतःला विचारलं नाही.

३० ऑगस्ट

ओपलला नेलं. मागची सीट रिकामी. सांगायचं ठरवून निघालो होतो. "माझं आता घरात कुणी नाही, हॉलिस," ती म्हणाली. नाही सांगितलं.

३ सप्टेंबर

ओपलनं चर्चमध्ये सांगितलं, पोस्टात सांगितलं. एफ्राइनचं घर तिच्या भाच्याच्या मालकीचं – डेल. त्यालाही फोन केला म्हणे.

संध्याकाळी एफ्राइन कुंपणाशी आला. भट्टीवरून थेट, केसांत पिवळी धूळ. "मी मुक्या जनावराला विष घालणारा वाटतो का हो तुम्हाला?"

नाही, म्हटलं.

"मग त्यांना सांगा ना. तुमचं ऐकतील त्या." माझ्या ढिगाकडे बघत म्हणाला, "तुम्ही तो गाळ कुठे टाकता?"

"पेटीत," मी म्हणालो. "झाकणाच्या."

त्यानं मान हलवली. "बरं. बोलाल ना त्यांच्याशी?"

बोलतो, म्हटलं.

४ सप्टेंबर

नाही बोललो.

६ सप्टेंबर

आजही नाही. गाडीत चाळीस मिनिटं जायला, चाळीस यायला. ती जुनोच्या पिल्लूपणाच्या गोष्टी सांगत होती. मध्येच माझा हात धरला. मला आठवड्यातून तीन दिवस बोलायला दुसरं कोण आहे? खरं कारण हे आहे. तिला वाईट वाटेल वगैरे सगळं नंतरचं.

१३ सप्टेंबर

बाटल्या उघडल्या.

पहिली – लिंबू पुढे, संत्रं मागून हळूच. छान. दुसरी नुसतीच गोडसर, सरबतासारखी. तिसरी... चिनूकनं दोघांना धरून ठेवलंय. कडवटपणा येतो, थांबतो, मग सालीचा वास वर येतो आणि घशात राळ उरते. वीस वर्षं हीच करायचा प्रयत्न करत होतो. ग्लास मोरीत ओतला. मग दुसरा भरला आणि पूर्ण प्यालो.

१५ सप्टेंबर

डेलनं एफ्राइनला महिनाअखेर घर सोडायला सांगितलं. कारण लिहिलंय: रंगकाम. ऐन सुगीत. भट्टी दिवसरात्र चालू, माणसाला उसंत नाही, मुली इथल्याच शाळेत.

त्याची बायको लुसिया दुकानात दिसली. माझ्यामागे रांगेत उभी होती. नमस्कार केला तर दुधाच्या डब्याकडे बघत राहिली.

१८ सप्टेंबर

गाडीत म्हणालो, "ओपल, एफ्राइननं केलं नसेल तर?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "मग कुणी केलं?"

एवढं सोपं करून दिलं तिनं. मी आरसा नीट केला. "कोल्ह्यांसाठी कुणीतरी काही ठेवलं असेल," म्हटलं.

"असेल," ती म्हणाली. "पण त्या माणसाचा मला भरवसा नाही."

२६ सप्टेंबर

जत्रेतल्या स्पर्धेत तिसऱ्या बुधल्याला दुसरं बक्षीस. परीक्षकाच्या कागदावर: 'हॉपचा मेळ उत्तम. मनात रेंगाळते.' बक्षिसाची लाल फीत ड्रॉवरमध्ये टाकली.

२८ सप्टेंबर, रविवार

एफ्राइन गेला. सकाळपासून सामान भरणं चाललं होतं. मी घरातून बघत होतो. शेवटी गेलो. गाद्या उचलायला हात लावला. लुसिया म्हणाली, "राहू द्या, होईल." मुली गाडीत बसून होत्या. थोरली रडून रडून लाल.

सनीसाइडला जागा मिळालीय त्यांना. एका खोलीची. इथून भट्टीवर यायला पाऊण तास.

"तिथे कोंबड्या ठेवू देत नाहीत," एफ्राइन म्हणाला. "सात आहेत. तुम्ही घ्या. अंडी चांगली देतात."

मी नको म्हणालो.

"मग काय कापू आत्ता, मुलींसमोर?"

घेतल्या. त्यानं स्वतः खुराडं उचलून माझ्या आवारात आणलं, खाली विटा लावल्या, पाण्याचं भांडं भरलं. हात पँटला पुसले.

"तुम्ही बोललात त्यांच्याशी?"

"बोललो," म्हटलं. "ऐकत नाहीत."

"तरी बरं, तुम्ही बोललात." हात मिळवला आणि गेला.

बराच वेळ तिथेच उभा होतो. मग उरलेल्या साऱ्या बाटल्या फोडून टाकाव्यात असं वाटलं. फोडल्या नाहीत. मी काहीच करत नाही, हे आता माझं मलाच कळून चुकलंय. परवा ओपलला सांगणार. गाडीत बसायच्या आधी, तिच्या दारातच. मग ती माझ्या गाडीत बसली नाही तर न बसो. डेलला सांगेन, सनीसाइडला जाऊन एफ्राइनला सांगेन. घर अजून रिकामं आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार

सांगितलं. दारात, टोपी हातात घेऊन. गाळ, ढीग, पुरलेला खड्डा, सगळं.

ओपल कोटाची बटणं लावत होती. लावून संपेपर्यंत थांबली.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, हॉलिस. डॉक्टरनं ओकारीतली हिरवी फुलं चिमट्यात धरून दाखवली. म्हणाला, शेजारी कुणी बिअर करतं का?"

मी टोपी दुसऱ्या हातात घेतली.

"तुझं नाव घेतलं असतं तर तू आला असतास का पुन्हा? आणि नाही तर मला तिथवर कोण नेणार होतं? डेल?" पायरीवर आधारासाठी तिनं माझा दंड धरला. "तो कोंबडीवाला काय, तरुण आहे. त्याला कुठेही घर मिळेल. आता हे उकरून काढू नकोस. चल, उशीर होतोय."

तिला गाडीत बसवलं. पट्टा लावून दिला. नेलं आणि आणलं.

उतरताना म्हणाली, "गुरुवारी साडेसातलाच ना?"

हो, म्हणालो.