विश्वकर्मा पूजेचं पारदर्शक मतदान

२ सप्टेंबर १९९६
आलमबागच्या लेबर अड्ड्यावरचे, म्हणजे मजूर नाक्यावरचे, गवंडी मिस्त्री घरी आले. त्यांच्या युनियनचा अध्यक्ष रामदुलारे हप्ता घेतो. न देणाऱ्याला ठेकेदाराच्या ट्रकवर चढू देत नाही. निवडणूक तुम्हीच घ्या, म्हणाले. साहजिक आहे. मिलिटरीच्या कामांवरचा रिटायर्ड ओव्हरसियर लखनौत त्यांना दुसरा कुठे मिळणार? रामदुलारेविरुद्ध माणिक मिस्त्री उभा राहतोय. महिन्याभरात युनियन साफ. मग मला सल्लागार करतीलच.

९ सप्टेंबर
माणिक म्हणाला, साहब, बंद पेटी ठेवा. मी समजावलं, पेट्या फुटतात. माझी स्कीम: विश्वकर्मा पूजेला प्रत्येक जण आपली करनी, म्हणजे आपली थापी, देवापुढे ठेवतोच. यंदा ज्याला मत त्याच्या फोटोपुढे ठेवायची. पूजेतल्या अवजाराला दुसऱ्या सकाळपर्यंत कुणी हात लावत नाही, म्हणजे घोटाळा अशक्य. रामदुलारेंनाही स्कीम फार आवडली. माणूस वाटतो तितका वाईट नाही.

चंद्रप्रभा म्हणाली, अहो, मिस्त्री एकमेकांची करनी लांबून ओळखतात. बायकांना प्रशासन कळत नाही.

१७ सप्टेंबर
मतदान शांततेत. रामदुलारेंची माणसं दारात उभी राहून प्रत्येक करनी कौतुकानं न्याहाळत होती. माणिकपुढे जेमतेम सात. एक त्याची स्वतःची, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. पराभव खिलाडूपणे घ्यावा, असं मी भाषणात सांगितलं. टाळ्या.

१८ सप्टेंबर, संध्याकाळ
त्या सातही करन्या सकाळी गायब. रिकाम्या हातानं आलेल्याला ट्रकवर घेत नाहीत. माणिकनं जाब विचारला, तर त्याचा उजवा हात मोडला. मी म्हणालो, लेखी तक्रार दे. तो प्लॅस्टरकडे बघत राहिला. उद्धटपणा.

२ ऑक्टोबर
युनियनतर्फे माझा सत्कार. शाल, आणि चकचकीत पॉलिश केलेली करनी. मुठीला सायकलची ट्यूब. चंद्रप्रभा म्हणाली, ही माणिकची. मी म्हटलं, अशा बाजारात पुष्कळ मिळतात. ती करनी घेऊन त्याच्या खोलीवर गेली. कुलूप होतं. शेजारी म्हणाले, हात काही धड बसला नाही, बायकोपोरांना घेऊन गावी गेला. इतक्यात हार मानायची? याच लोकांमुळे सुधारणा अडतात.

६ ऑक्टोबर
सल्लागारपदी रामदुलारेंचा मेहुणा. माझं नाव नजरचुकीनं राहिलं असेल. उद्या जाऊन आठवण करून देणार.

चंद्रप्रभानं करनी माझ्या टेबलावर आणून ठेवलीय. पेपरवेट म्हणून बरी आहे.