खांद्याच्या खाली

१ नोव्हें. ९६, शुक्र., फुजैरा
अल ऐनच्या गोल्फ मॅचसाठी बायकांच्या टीममध्ये एकच जागा उरलीय. मला हवीय. फार हवीय. ग्लोरिया (वसईची, आमची कॅप्टन) म्हणाली, "लांबचे फटके मस्त गं तुझे, पण जवळचा फटका, तुझा पिच, एकदम बेकार. झेंड्याजवळ आलीस की बॉल उंच उचल. मनगट मोड, हात वर ने, यल्ला, चल!" निवड १५ला, आपसात मॅच खेळून.

५ नोव्हें.
ऑफिसनंतर क्लबवर. क्लब कसला, नुसती वाळू. चटईचा हिरवा तुकडा अंथरायचा, त्यावरून मारायचं. भोकाभोवतीही तेल घालून दाबलेली वाळूच, तिला ब्राउन म्हणायचं. आज मनगट मोडून मोडून मारलं. बॉल जागच्या जागी, चटई उडाली. अरुण म्हणे, "चटईचा पिच छान पडला." नवरा आहे की वैरी! रडूच आलं.

९ नोव्हें.
चकल्या तळता तळता लक्षात आलं. माझा हात खांद्याच्या वर जातच नाही! जाणार कसा? सांगलीला शाळेत हॉकी. स्टिक खांद्याच्या वर गेली की बाईंची शिट्टी, फाउल. हाडात मुरलंय ते. मग आता वर न्यायचा हट्ट कशाला? गॅस बंद केला, हॉलमध्ये झारा फिरवून बघितला.
मिनू: "मम्मी, व्हॉट आर यू डूइंग?"
"गोल्फ."
"विथ दॅट?"

११ नोव्हें.
ऑफिसच्या आधी क्लबवर. छोटा स्विंग, मनगटं ताठ. बॉल बुटका जातो, ब्राउनच्या कडेला टेकतो, मग झेंड्याकडे धावत सुटतो. परत मारला. परत तसाच! हा माझा फटका.

१५ नोव्हें., शुक्र.
जिंकले!!! समुद्रावरून वारा असा की टोपी धरून चालावं लागत होतं. सगळ्यांचे उंच बॉल वाऱ्यानं पळवले, ग्लोरियाचासुद्धा. माझे आपले वाऱ्याच्या खालून. शेवटचा तर थेट भोकात. अरुण टाळ्या वाजवत मधे धावत आला, ओरडा खाल्लान. ग्लोरियानं मिठी मारली. "खलास! जागा तुझी. शिकव मला ते." दिवसभर हसतेय. गाल दुखले.

२१ नोव्हें., गुरु.
उद्या अल ऐन. संध्याकाळी ग्लोरियाचा फोन. "अगं, तिकडचे ब्राउन उंचावर आहेत म्हणे. तुझा बॉल चढावर अडकला तर? एक-दोन उंच मारून बघ ना."
चटई घेऊन मागच्या अंगणात गेले. हात वर नेला, आणि बाईंची शिट्टी ऐकू आली. उतरवला.
ग्लोरियाला उलट फोन केला. "नाही मारणार. चढला तर चढेल, अडकला तर माझ्या हातानं अडकेल."
ती म्हणाली, "बरं. इन्शाल्ला."
चटई अरुणनं स्वतः झटकून डिकीत ठेवली.