मामंजींच्या नावाचा चोर

अहो,

खाली जाणारा ट्रक थांबलाय आणि तुम्ही घोड्यांमागे गेलात, म्हणून लिहून ठेवतेय. शहरातल्या डॉक्टरांनी पुन्हा बोलावलंय. दोन दिवसांचं काम आहे म्हणाले, तरी मी हिवाळ्यातला जाड कोट बरोबर घेतलाय.

घोडींचं दूध दर दोन तासांनी काढा. आणि काही झालं तरी बेगिमायला रोज दोन पानं वाचायला लावा. गेल्या सुट्टीत कुरणावरून खाली उतरेपर्यंत पोरगी अक्षरं विसरली होती.

तिच्या गोष्टीतल्या चोराचं नाव नेमकं मामंजींचं आहे. सुनेनं ते तोंडानं कसं घ्यायचं? वाचून दाखवताना मी 'तो माणूस' म्हणून पुढे जाते, तर ही बया म्हणते, "आई, तुला साधं वाचता येत नाही!" मग पुस्तक ओढून घेते आणि मला पानभर शिकवते. काल तर मला 'ढ' म्हणाली.

तिला खरं सांगू नका. मामंजींनाही गप्प बसवा, ते हसत हसत सांगून टाकतील. मला शिकवायचं म्हणूनच ती वाचतेय.

मला यायला उशीर झाला, तर तिला म्हणावं, पुढचं वाचून ठेव. आईला अजून काहीच येत नाही.

जिपार