गाळलेल्या झुहराची ओळ पुन्हा भरणेबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
नागरिक नोंदणी कार्यालय,
तुतझोर, फरगाना खोरे.

विषय : मुलगी झुहरा हिची रद्द केलेली नोंद शुक्रवारपूर्वी पूर्ववत करणेबाबत.
संदर्भ : आपले "दुबार नोंद, सबब रद्द" असे दीड ओळीचे उत्तर.

महोदय,

खुर्ची जरा पुढे ओढून घ्यावी. अर्ज लहान आहे, गोष्ट मात्र पुरती सांगायची आहे.

१. अर्जदार होसियत हिला अल्लाच्या कृपेने जुळ्या मुली आहेत. रिवाजाप्रमाणे थोरली फातिमा, धाकटी झुहरा. आपले कारकून श्री. बुन्योद हे ताश्कंदहून डेटाबेसची मूलतत्त्वे शिकून आले. प्रत्येक माणसाला वेगळे ओळखणारी खूण हवी, एवढे त्यांना पाठ होते. पुढे त्यांच्या लक्षात आले, की या खोऱ्यात जुळ्या मुली म्हटल्या की फातिमा आणि झुहराच. तेव्हा नाव ही खूणच नव्हे असे ठरवून त्यांनी आई, बाप, घर व जन्मतारीख एवढ्यावर ओळख बांधली आणि झुहरा गाळली.

२. हे शास्त्र समजावे म्हणून अर्जदार त्यांच्या मंगळवारच्या मोफत वर्गाला बसली. वास्तविक त्याच वेळी ओतिन-आयी बायकांना किस्से गाऊन धर्म सांगतात. तिथे डोळे भरून येतात, इथे नुसत्या जांभया. अर्जदाराने विचारले, "बाळा, दोघींना समोर उभं केलं तर?" उत्तर मिळाले, "खाला, यंत्राला दिसत नाही." "तुला तरी दिसतं ना?" यावर श्री. बुन्योद यांनी फळा पुसायला घेतला.

३. फातिमाचे लग्न वसंतात झाले. झुहराचे येत्या रविवारी आहे. आपल्या कागदाशिवाय इमाम निकाह पढत नाहीत, आणि कार्यालय म्हणते, ही तर विवाहित. होणारी विहीण विचारते, "होसियत, मुली खरंच दोन आहेत का ग?" श्री. बुन्योद यांचा तोडगा असा : "थोरलीचा तलाक करा, धाकटीचं उरकून घ्या, मग थोरलीचं परत लावू." फातिमाचा नवरा गवंडी आहे. हे ऐकताना त्याच्या हातात थापी होती. अल्लाने त्या घटकेला दोघांनाही सांभाळले. एवढी अक्कल शिकवून येते, हे अर्जदाराला ठाऊक नव्हते.

४. सबब, शुक्रवारपूर्वी झुहराची ओळ भरावी व श्री. बुन्योद यांना पुन्हा पहिल्या धड्याला बसवावे. आपल्या हातून तेही होत नसेल, तर संध्याकाळच्या नमाजानंतर दुआसाठी हात उचलाल तेव्हा झुहराची आठवण ठेवावी. तिकडे दुबार म्हणून कुणाला गाळत नाहीत.

आपली नम्र,
होसियत एर्गाशेवा
दि. ४ सप्टेंबर

सोबत :
जन्मदाखले, दोन.
मुली, दोन, मूळ. बाहेरच्या बाकावर बसल्या आहेत. पाहून परत कराव्यात.