घरच्यांचा नंबर शेवटी

प्रिय ठकू,

शाळेतल्या शोकसभेसाठी आजीबद्दल दोन पानं लिहून दे म्हणालीस. तीनदा बसले आणि तिन्ही वेळा कागद फाडला. ‘शिस्तप्रिय, प्रेमळ ग्रंथपाल’ असं लिहायला गेलं की हात थांबतो. शिस्तप्रिय होतीच. प्रेमळ कुणाशी, ते तू सांग. सभेत तूच बोल. मी खरं बोलले तर मुख्याध्यापकांना घाम फुटेल.

बाबा गेले तेव्हा आई तिशीचीही नव्हती. शाळेच्या पगारावर तिनं मला वाढवलं, दोन दिरांना शिकवलं, नणंदेचं लग्न करून दिलं. काका लोकांचे केस पांढरे झाले तरी ती खोलीत आली की ते पाय खाली घेऊन बसायचे. घरात शब्द तिचाच. मला तिचा अभिमान होता, आहे. पण अभिमानाला काही कुशीत घेता येत नाही.

मी तिच्याच शाळेत होते, हे माझं नशीब. शनिवारी पुस्तकं वाटायची तेव्हा आई दाराशी स्टुलावर बसायची, प्रत्येकाचे तळहात उलटेसुलटे बघायची, मगच पुस्तक द्यायची. पान वरच्या कोपऱ्यातून उलटायचं, बोटाला थुंकी लावली की पुस्तक परत. आणि मी रांगेत शेवटी. कुणी बोट दाखवू नये म्हणून घरच्यांचा नंबर शेवटी, हा तिचा कायदा. माझ्यापर्यंत उरायचं काय, तर व्याकरण नाहीतर कुक्कुटपालन. कोंबड्यांच्या रोगांबद्दल मला अजून कुणीही काहीही विचारावं!

मग तू जन्मलीस आणि त्याच सुमाराला ती निवृत्त झाली. मी बाहेरच्या खोलीत मशीनवर गिऱ्हाइकांचे ब्लाउज शिवत बसायचे आणि आत तुमचं दोघींचं चालायचं. तिच्या मांडीवर तू, तुझ्या मांडीवर पुस्तक. ती वाघाचा आवाज काढायची, म्हातारीचा काढायची, चोरासाठी तर कुजबुजायची. माझ्या आईला वाघाचा आवाज येतो हे मला चाळिशीला आल्यावर कळलं! तुझे हात बिस्किटानं चिकट, पानांवर डाग, आणि ती हसायची. मी पाय मशीनवरून काढून दाराआड उभी राहायचे. आत पाऊल टाकलं की ती चष्म्यावरून बघून विचारायची, काय हवंय? काय सांगणार? कात्री, म्हणायचे. त्या खोलीतून मी किती कात्र्या आणल्या असतील! ठकू, मी तुझ्यावर जळायचे. पोटच्या पोरीवर. हसू नकोस.

तिचे डोळे गेल्यावर तू रोज संध्याकाळी फोनवरून तिला वाचून दाखवायचीस. तिथेही तूच. या उन्हाळ्यात तू प्रवासात होतीस तेव्हा ती फोनकडे तोंड करून बसून राहिली. मला बघवेना. मी हात धुतले, तिचं पुस्तक उचललं आणि वाचलं, चोराच्या कुजबुजीसकट. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि म्हणाली, छान वाचतेस की गं, कुठे शिकलीस? दाराआड, असं अगदी ओठांवर आलं होतं. मी तिचं पांघरूण सारखं केलं आणि चहा ठेवायला गेले. पुढच्याच महिन्यात ती गेली.

हे सगळं आज का उगाळतेय? काल तू फोनवर गोड बातमी दिलीस आणि लगेच म्हणालीस, आजीनं मला वाचून दाखवलं तसं तू बाळाला दाखव हं. मी हो म्हणाले, डोळे पुसले. आणि मग मला दार दिसलं. आत मी, मांडीवर तुझं लेकरू, आणि दाराआड तू, कात्री मागायला आलेली. माझ्याकडेही घरचं शिवण शेवटीच होतं, हे तू मला ऐकवत आलीसच आहेस. तेव्हा या रविवारी एकटीच ये. मशीनवर कापड टाकून ठेवते, गिऱ्हाइकं थांबतील. माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी हो. वाघाचा आवाज मला येतो, अजून कुणी ऐकलेला नाही. तुझ्या बाळाला म्हणावं, रांगेत थांब. आधी नंबर माझ्या लेकीचा.

तुझीच, अजूनही थोडी जळकी,
आई